सीमेवरची पोरं आणि आपला सोयीचा कळवळा

मे २०२५मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या, नियंत्रण रेषेजवळच्या पूंछ शहरावर पाकिस्तानी तोफांचा मारा झाला. एका शाळेजवळ गोळा पडला, शाळकरी मुलं गेली. पुढचे काही दिवस वृत्तवाहिन्यांवर, व्हॉट्सॲपच्या गटांत, महाविद्यालयांच्या परिसंवादांत सीमेवरच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न सगळ्यांना एकदम सुचला. मराठवाड्यातही सुचला. उत्तरं मात्र दोनच ऐकू आली. एक गट म्हणाला, ही मुलं इकडे आणा, आपल्या संस्थांत जागा द्या, वसतिगृहात ठेवा, चार वर्षांत बघा कशी पक्की भारतीय होतात. दुसरा म्हणाला, आधी आपल्या ऊसतोड कामगारांची पोरं वर्गात बसवा, मग काश्मीरचं बघू. पहिल्याने दुसऱ्याला कोत्या मनाचा ठरवलं, दुसऱ्याने पहिल्याला मिरवणारा. भांडण रंगलं. पण दोन्ही बाजू ज्या मुलांविषयी तावातावाने बोलत होत्या, त्यांच्या गावात शाळा आहे का, ती भरते का, तिथे मास्तर येतो का, हे कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

माझं म्हणणं असं आहे. संघर्षाच्या छायेतल्या गावांना शिक्षण द्यायचं तर शाळा तिथेच, निदान त्याच तालुक्यात, वर्षभर चालली पाहिजे, आणि ती चालवणं ही सरकारची बांधिलकी आहे. मुलं बाहेर नेणं ही आणीबाणीतली तजवीज आहे. ती तजवीज धोरणाच्या जागी जाऊन बसली, की निवडक पाच-पन्नास मुलांचे सत्कार होतात आणि बाकीच्या हजारोंची शाळा कुलपात जाते. तेही कुणाच्या लक्षात न येता, कारण सगळ्यांच्या नजरा सत्काराकडे असतात.

सगळ्यात वजनदार आक्षेप आधी घेतो. गोळे पडत असताना शाळा तिथेच चालवा, हे लातूरच्या खुर्चीत बसून म्हणणं सोपं आहे. मुलाचा जीव आधी की पाढे आधी? जीव आधी, यात वादच नाही. आणि मुलं बाहेर नेऊन शिकवणं फसतंच असंही नाही, हे मराठवाड्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा पट्टा जमीनदोस्त झाला, तेव्हा भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने लातूर-धाराशिवमधली सुमारे १२०० मुलं पुण्याला नेली, त्यांच्या राहण्याची आणि शिकण्याची सोय केली. ते काम हलकं लेखायचा अधिकार कुणालाच नाही. पण त्याच काळात या दोन जिल्ह्यांत ५२ गावं नव्या जागी पूर्णपणे वसवली जात होती आणि त्या गावांत शाळाही बांधल्या जात होत्या. बाराशे मुलं पुण्यात शिकताहेत, तेव्हा आता किल्लारीला शाळा कशाला, असं तेव्हा कुणी म्हटलं होतं का?

शिवाय भूकंपाला तारीख असते. तो होतो आणि संपतो. सीमेवरच्या संघर्षाचं तसं नाही. नियंत्रण रेषेवर नोव्हेंबर २००३मध्ये शस्त्रसंधी झाली, पुढे ती विरत गेली. जानेवारी २०१८मध्ये गोळीबार वाढला तेव्हा जम्मू विभागातल्या सीमेलगतच्या शेकडो शाळा बंद ठेवाव्या लागल्या. फेब्रुवारी २०२१मध्ये दोन्ही सैन्यांनी शस्त्रसंधीवर पुन्हा शिक्कामोर्तब केलं, चार वर्षं बरी गेली, आणि मग मे २०२५ उजाडला. एखाद्या मुलीची पहिली ते दहावी अशाच चढ-उतारांत जाणार असेल, तर तिला किती काळ बाहेर ठेवायचं? दहा वर्षं? मग ते स्थलांतर झालं, आणि तसं म्हणायची तयारी ठेवावी.

ब्रिटनने हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू होताच बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने काही दिवसांत पंधरा लाखांच्या आसपास माणसं, त्यांत बहुसंख्य शाळकरी मुलं, शहरांतून खेड्यांत हलवली. योजना कागदावर चोख होती. मुलं गेली म्हणून शहरातल्या शाळा बंद केल्या, इमारती दुसऱ्या कामांना दिल्या. पण आईबापांना करमेना, मुलांना परक्या घरी गमेना, अपेक्षित हल्लेही लगेच झाले नाहीत. जानेवारी १९४०पर्यंत निम्म्याच्या आसपास मुलं घरी परतली होती आणि शाळांना टाळं होतं. लाखो पोरं रस्त्यावर मोकाट, मग शाळा पुन्हा उघडण्याची धावपळ. श्रीमंत, शिस्तीच्या, एक भाषा बोलणाऱ्या देशाची ही गत. मुलं हलवता येतात, पण आईबापांचं घर हलत नाही, आणि जिथे घर तिथे मूल परत येतंच.

आता आपल्याकडे येऊ. संघर्षग्रस्त सीमाभाग हा मराठवाड्याला नकाशावरचा लांबचा ठिपका वाटावा, याचं मला नवल वाटतं. आपले आजोबा-पणजोबा अशाच भागात राहत होते; मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला सरहद्दीचा प्रदेश होता. १९३८मध्ये वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरला म्हणून उस्मानिया विद्यापीठाने शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातली मुलंही या चळवळीत होती. नागपूर विद्यापीठाने या मुलांना सामावून घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव याच लाटेत संस्थानाबाहेर शिकायला गेले. १९४७-४८मध्ये भारतात विलीनीकरण मागणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या हाकेसरशी पोरांनी शाळा-कॉलेजं सोडली, रझाकारांच्या (निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र टोळ्यांच्या) धास्तीने सरहद्दीवरची कुटुंबं बार्शी, सोलापूर, उमरखेडकडे सरकली. किती जणांचं शिक्षण तिथेच थांबलं याचा हिशेब कुणी मांडला नाही. घराघरांत ‘आमचे अण्णा मॅट्रिकला होते तेव्हा रझाकार आले’ एवढंच वाक्य उरलं.

नागपूरचं ते औदार्य मोठंच. पण मराठवाडा शिकला तो नागपूरला गेलेल्या मुलांमुळे का? संस्थानात माध्यमिक शिक्षणाचं माध्यम उर्दू, खाजगी शाळा काढायची तर परवानगीचं झेंगट, आणि पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठायचं. त्या दिवसांत औरंगाबादला १९१५मध्ये सरस्वती भुवन उभी राहिली, हिप्परग्याला १९२१मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली, अंबाजोगाईला योगेश्वरी शाळा चालली. संशयी सरकारच्या नाकावर टिच्चून, गावातच. पुढे मुक्तिलढ्याचं नेतृत्व केलेले स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याचे आणि नंतर अंबाजोगाईचे मास्तर होते, हे आपण १७ सप्टेंबरच्या, मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत सांगतो. त्यातून काय निघतं ते सांगत नाही. ते मराठवाड्याचे नव्हते. चांगला शिक्षक बाहेरूनच येणार असेल तर येऊ दे. पण येणारा तो असावा, जाणारी मुलं नव्हेत.

बाबासाहेबांचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत १९४६पासून सुरू होतं. मराठवाड्यातल्या दलित मुलांना शिष्यवृत्त्या देऊन मुंबईला बोलावणं स्वस्त पडलं असतं आणि लवकरही झालं असतं. तरी त्यांनी १९५०मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज आलं, १९५८मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. मिलिंदने काय घडवलं ते मराठी साहित्याच्या आणि चळवळीच्या इतिहासात जागोजागी सापडतं. मुंबईला पाठवलेल्या मुलांतून पंचवीस-तीस वकील, अधिकारी निघाले असते. मिलिंदच्या नागसेनवन परिसरातून एक अख्खी पिढी निघाली.

बाहेर नेण्याच्या योजनांत कोण जातं, हेही पाहू. जम्मू-काश्मीरच्या विद्यार्थ्यांना राज्याबाहेर शिकण्यासाठी पंतप्रधान विशेष शिष्यवृत्ती योजना २०११-१२पासून आहे, वर्षाला ५००० शिष्यवृत्त्या. चांगली योजना. पण ती बारावीनंतरची आहे. म्हणजे बारा वर्षं जो तगला, त्याच्यासाठी. ज्याची शाळा २०१६च्या आंदोलनात महिनोन्‌महिने बंद राहिली, २०१९च्या ऑगस्टनंतर पुन्हा बंद राहिली, लगेच कोरोना आला आणि ‘ऑनलाइन शिका’ असं सांगितलं गेलं तेव्हा ज्याच्या मोबाइलवर टू-जीशिवाय काही चालत नव्हतं (फोर-जी फेब्रुवारी २०२१मध्ये परत आलं), तो बारावीपर्यंत पोचलाच नसेल तर शिष्यवृत्ती कुणाला देणार? आणि मुली? गावातली शाळा बंद पडली की मुलगा कुणा नातेवाइकाकडे शहरात जातो, मुलगी घरी राहते. बीड जिल्ह्यात आईबाप कारखान्यावर निघाले की मुलीचं काय होतं ते आपण डोळ्यांनी पाहतो: एक तर तीही कोप्यावर, तोड कामगारांच्या झोपडीवर, जाते, धाकट्याला सांभाळते, नाहीतर लवकर लग्न उरकतात. पूंछच्या डोंगरात आईबापांची काळजी याहून वेगळी असेल असं मानायला काही कारण नाही.

छत्तीसगडचा धडा तर आपल्या शेजारचा आहे, गडचिरोलीच्या पलीकडचा. २००५मध्ये सलवा जुडूम ही नक्षलवाद्यांविरुद्ध सरकारच्या पाठिंब्याने उभी केलेली सशस्त्र मोहीम सुरू झाली, बस्तरमधल्या शाळांच्या इमारतींत सुरक्षा दलं राहायला आली, नक्षलवाद्यांनी इमारती उडवल्या, गावंच्या गावं ओस पडली. सर्वोच्च न्यायालयाला २०११मध्ये शाळा रिकाम्या करा असं सांगावं लागलं. मग रस्त्याकडेला बांबूच्या निवासी शाळा निघाल्या, ‘पोटा केबिन’. हजारो आदिवासी मुलांना त्यांनी जेवण दिलं, अक्षर दिलं, हे खरंच. पण आतल्या गावांतल्या शाळा वर्षानुवर्षं बंदच राहिल्या; अलीकडे त्यांतल्या काही पुन्हा उघडू लागल्यात. मधल्या काळात सहा वर्षांचं पोर आईपासून तोडल्याशिवाय त्याला शाळा मिळत नव्हती. आपल्या नातवासाठी ही अट मान्य करणारा एक तरी वाचक मला दाखवा.

दुसरा आक्षेप दर्जाचा. चांगला मास्तर सीमेवरच्या गावात टिकत नाही. त्यापेक्षा चांगल्या संस्थेत मुलं गोळा करावीत, बोर्डाच्या आणि प्रवेश परीक्षांच्या कसून तयारीसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नने तेच केलं ना? लातूर पॅटर्नचा मला अभिमान आहे, पण तो दहावी पार केलेल्या, वडिलांनी जमीन गहाण टाकून पाठवलेल्या मुलांचा पॅटर्न आहे. पहिलीच्या वर्गाला तो लागू होत नाही. मास्तर टिकत नाही ही तक्रार मात्र खरी आहे. जम्मू-काश्मीरमध्ये सीमेवरच्या शाळेत नेमणूक घ्यायची आणि वशिल्याने शहरात ‘अटॅच’ व्हायचं. आपल्याकडे याच कलेला प्रतिनियुक्ती म्हणतात. यावर तिथल्या सरकारने २०००मध्ये रहबर-ए-तालीम योजना काढली: गावातल्याच शिकलेल्या मुलामुलींना गावच्या शाळेवर नेमायचं, महिना १५०० रुपयांपासून सुरुवात, पाच वर्षांनी कायम. २०१८मध्ये ती बंद झाली. तिच्यावर टीका पुष्कळ झाली, भरतीतल्या वशिल्याची आणि कच्च्या शिक्षकांची. आपल्या वस्तीशाळांच्या निमशिक्षकांवर झाली तशीच. टीका खोटी नव्हती. पण डोंगरातल्या वस्तीवर रोज हजर राहणारा माणूस कोण होता? गावातलाच. त्याला मानधनावर राबवायचं, प्रशिक्षण द्यायचं नाही आणि मग दर्जा नाही म्हणून योजना गुंडाळायची, हा न्याय झाला का? दर्जा हवा तर त्याच माणसावर खर्च करा. पूर्ण पगार द्या, जोखमीचा भत्ता द्या, दरवर्षी दोन महिने चांगल्या संस्थेत शिकायला न्या. मुलांना न्यायचा पैसा आहे ना, मग मास्तरला न्या.

तिसरी गोष्ट मला जास्त खटकते. ‘शिकली की पक्की भारतीय होतील’ हे वाक्य. यात देशप्रेम कमी आणि संशय जास्त आहे. पूंछच्या त्याच माऱ्यात तिथल्या एका मदरशात शिकवणारे मौलवी ठार झाले, आणि काही वृत्तवाहिन्यांनी त्यांना दहशतवादी ठरवून मोकळं केलं. पोलिसांना खुलासा करावा लागला. देशाच्या सीमेवर राहून शत्रूच्या गोळ्याने मेलेल्या मास्तरला हा सन्मान! मग त्याच्या विद्यार्थ्यांनी निष्ठेचं प्रमाणपत्र कुणाकडून आणायचं? मराठवाड्याने तरी हे बोलू नये. सप्टेंबर १९४८मध्ये भारतीय सैन्याने संस्थान ताब्यात घेतलं (यालाच पोलिस कारवाई म्हणतात), त्यानंतर सूड म्हणून इथल्या मुस्लिम वस्त्यांवर जे गुदरलं, त्याची नोंद केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने केली आहे. सगळ्यात जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. रझाकारांच्या भीतीने शाळा सुटलेली मुलं आणि पोलिस कारवाईनंतरच्या भीतीने शाळा सुटलेली मुलं, दोघांच्याही पाटीवरची अक्षरं सारखीच पुसली गेली. शिक्षण हा त्यांचा हक्क होता म्हणून द्यायला हवं होतं. आज तर घटनेच्या २१-अ कलमात तो लिहिलेलाच आहे, आणि त्या कलमात निष्ठेची अट नाही.

मणिपूरचंही बघा. ३ मे २०२३नंतर साठ हजारांच्या घरात माणसं विस्थापित झाली, मुलं छावण्यांत गेली, म्यानमारच्या सीमेवरचं मोरे पेटलं. महाराष्ट्र सरकारने तिथे अडकलेले आपले विद्यार्थी तातडीने विमानाने आणले, योग्यच केलं. पण आपली पोरं मुंबईच्या विमानतळावर उतरली त्या दिवशी मराठी वाहिन्यांपुरतं मणिपूर संपलं. तिथे उरलेल्यांच्या वर्गांचं काय झालं, हे विचारायची गरज आपल्याला भासली नाही. मुलं बाहेर काढण्याचा हा खरा धोका आहे. प्रश्न सुटल्याचं समाधान ताबडतोब मिळतं.

यावर कुणी पुण्याच्या ‘सरहद’कडे बोट दाखवेल. संजय नहार यांच्या या संस्थेने काश्मिरी मुलांना पुण्यात घर दिलं, शिकवलं. अनाथ झालेल्या, घरी परतणं धोक्याचं असलेल्या मुलांना दुसरा आसरा नव्हता. अशा मुलांसाठी बाहेरची वाट हवीच, मी ती बंद करा म्हणत नाही. पण त्याच महाराष्ट्रातून अधिक कदम नावाचा तरुण कुपवाड्याला गेला आणि २००२पासून बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशनने अनाथ मुलींची घरं तिथेच, काश्मीरमध्येच उभी केली. मुली त्यांच्या भाषेत, त्यांच्या माणसांत वाढल्या. या दोन कामांत कोण श्रेष्ठ हा वाद फजूल आहे. पण सरकारने अनुकरण करायचं तर दुसऱ्याचं करावं, कारण पहिलं मूठभरांपलीकडे नेता येत नाही.

राहिला ‘आधी आपलं’ म्हणणारा गट. त्यांची चीड मला समजते. ऑक्टोबर लागला की शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणीची गावं रिकामी होतात, हंगामी वसतिगृहांचा निधी कधी उशिरा येतो, कधी कागदावरच जेवतो. त्यांना मी एवढंच सांगेन की तुमचा आणि राजौरीच्या गुज्जर-बकरवालांचा प्रश्न एकच आहे. तीही माणसं उन्हाळ्यात जनावरं घेऊन वरच्या कुरणांत जातात, त्यांच्यासाठीही फिरत्या आणि हंगामी शाळा आहेत, त्यांचेही मास्तर अर्धवट पगारावर आहेत. दोन्हीकडे सरकारचं गृहीतक एकच: जे मूल पटावर असूनही वर्गात नाही, त्याची जबाबदारी त्याच्या आईबापांची. हे गृहीतक एकीकडे मोडलं तर दुसरीकडे टिकणार नाही. मग एकमेकांच्या अंगावर का जायचं?

पैसा नाही, हे तर कुणी सांगूच नये. सीमाक्षेत्र विकास कार्यक्रम १९८६-८७पासून चालत आला. चीनच्या सीमेवरच्या गावांसाठी २०२३मध्ये व्हायब्रंट व्हिलेजेस योजनेला ४८०० कोटी मंजूर झाले, त्यांतले २५०० कोटी रस्त्यांसाठी. रस्ते हवेतच, त्यांच्यावरून मास्तरही येतो आणि रणगाडाही. जम्मू विभागात सीमेवरच्या लोकांसाठी १४,४६० बंकर मंजूर झाले होते. मग त्यातल्याच मापाचा, दोन वर्ग मावतील असा बंकर प्रत्येक सीमेलगतच्या शाळेच्या आवारात बांधणं एवढं अवघड आहे? युक्रेनमधल्या खारकीव्ह शहराने २०२३मध्ये मेट्रोच्या स्थानकांत वर्ग भरवले आणि पुढच्या वर्षी जमिनीखाली शाळाच बांधली. मारा मोठा होईल तेव्हा मुलं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सुरक्षित शाळेत त्यांच्याच शिक्षकांसह हलवावीत, आईबापांसकट, आणि शांत होताच परत आणावीत, याचा आराखडा आधीच लिहिलेला हवा. युद्धकाळात शाळांना हात न लावण्याचा सुरक्षित शाळांचा जाहीरनामा २०१५पासून जगापुढे आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही. त्याने तोफा थांबणार नाहीत, पण बस्तरसारखी शाळेची छावणी करताना अधिकाऱ्याला दोनदा विचार करावा लागेल.

मराठवाड्यातून आठ खासदार लोकसभेत जातात. त्यांतल्या एकाने पुढच्या अधिवेशनात एक साधा प्रश्न टाकावा: गेल्या शैक्षणिक वर्षात सीमेपासून दहा किलोमीटरच्या आतल्या सरकारी शाळा प्रत्यक्षात किती दिवस भरल्या, किती दिवस नेमलेला शिक्षक वर्गात होता, आणि हेच दोन आकडे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीला जाणाऱ्या गावांचे काय आहेत. दोन्हींचं उत्तर एकाच तक्त्यात मागावं.